तपासणीचे दिवस

कूलरच्या जुन्या ताट्या मागच्या आठवड्यात गच्चीवर काढल्या. गेल्या उन्हाळ्यापासून पोत्यात बांधून ठेवलेल्या. पोतं सोडताच धूळ उडाली आणि वाळ्याचा तो कोरडा, कुबट वास थेट नाकात शिरला. खरं तर नागपूरच्या माणसाला या वासाने बरं वाटायला हवं. आता कूलर लागेल, दुपारची झोप गार लागेल, संत्र्यांच्या गाड्या जाऊन टरबुजांचे ढीग येतील. मी मात्र नाकाला पदर लावून मागे सरते. दरवर्षी. माझी सून प्रणिता समजते की सासूबाईंना धुळीची ॲलर्जी आहे. मीही ते कधी खोडून काढलं नाही. ॲलर्जी म्हटलं की लोक खिडकी लावून घेतात आणि पुढचं काही विचारत नाहीत.

मार्च म्हणजे लोकांना परीक्षा. आमच्या गल्लीत सकाळपासून पोरं हातात पुस्तक धरून, ओठ हलवत फेऱ्या मारतात. कडुनिंबाची पानं दिवसभर गळत राहतात, रस्ता कितीही झाडा, पुन्हा पिवळा होतो. मला मार्च म्हणजे तपासणी. बावीस वर्षं मी इथल्या एका सरकारी कचेरीत विशेष शाळांच्या तपासणीचं काम केलं. विशेष शाळा म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, ज्यांची समज आपल्या वेगाने धावत नाही, अशा लेकरांच्या शाळा. वर्षभर फायली आणि मार्चमध्ये जीप. एकतीस तारखेच्या आत सगळ्या शाळा पाहून झाल्या पाहिजेत, असा वरून आदेश असायचा. मग दिवसाला तीन शाळा, कधी चार.

जीप सरकारची आणि ड्रायव्हर गजूभाऊ. तोंडाने फटकळ, मनाने भला माणूस. सकाळी स्टिअरिंगला नमस्कार करून म्हणायचे, "मॅडम, जरीपटक्याची शाळा आधी मारू, मंग खापरखेड्याकडची. म्हंजे जेवाच्या टायमाले वापस." शाळा 'मारायची' हे ऐकून मी हसायचे. काही दिवसांनी मीच तसं म्हणायला लागले. शहराबाहेर पडलं की पळस फुललेला असायचा, आणि खापरखेड्याच्या दिशेला वळलं की त्या केशरी फुलांवरसुद्धा तिथल्या वीज केंद्राच्या राखेची बारीक भुरी दिसायची. खिडकी उघडी ठेवली तर परत येईपर्यंत फायलीच्या वरच्या पानावर बोटाने नाव लिहिता यायचं. गजूभाऊ काचा लावून घ्यायचे आणि आम्ही दोघं घामाने निथळत जायचो.

तपासणीची एक रीत होती. ती कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती, पण शाळा पाळायच्या आणि आम्हीही पाळायचो. आदल्या दिवशी कचेरीतून शाळेला फोन जायचा, "उद्या मॅडम येऊन राहिल्या." मग सकाळी दारात रांगोळी, गुलाबाचं फूल, नारळ, स्वागतगीत, डोक्याला चपचपीत तेल लावलेली लेकरं. त्यानंतर ऑफिसात पोहे आणि चहा. चहाबरोबर शेरेबुक यायचं. लाल कापडी बांधणीचं लांबट पुस्तक. तपासणाऱ्याने काय पाहिलं ते त्यात लिहायचं आणि खाली सही करायची. आता गंमत ऐका. आम्ही पाहायच्या आधीच लिहायचो. चहा गरम असायचा, पेन हातात असायचं, पुढची शाळा डोक्यात असायची. मुख्याध्यापक आर्जवाने म्हणायचे, "मॅडम, शेरा लिहून टाका जी, मंग निवांत फेरी मारू." लिहायला वेळही लागायचा नाही. वरच्याच पानावर गेल्या वर्षीचा माझा शेरा असायचा, तो खाली उतरवायचा. वर्ग स्वच्छ. विद्यार्थी आनंदी. एकूण समाधानकारक. तारीख तेवढी नवी.

हे सांगताना आज मला लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, ते जास्त वाईट.

माझ्या पर्समध्ये त्या काळात एक घडी घातलेला कागद असायचा. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात माझ्या वरिष्ठ बाईंनी तो दिला होता. त्या निवृत्तीला आलेल्या, जाडजूड, पान खाणाऱ्या. म्हणाल्या, "हे पान जवळ ठेव वं. बाकी सगळं इसरली तरी चालन. ह्याच्यानं कुलूप उघडते." ते कायद्याचं पान होतं. दिव्यांग मुलांच्या कुठल्याही शाळेत सरकारने नेमलेल्या माणसाला कधीही जाता येईल, कुठलीही खोली उघडून पाहता येईल, कुठल्याही मुलाशी बोलता येईल, आणि त्याला कुणी अडवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. भाषा मात्र अशी की एका वाक्यात तीनदा धाप लागावी. मी ते पान पर्समध्ये टाकलं आणि विसरले. घडीवर फाटलं तेव्हा चिकटपट्टी लावली, आणि पुन्हा विसरले. कुलूप उघडायची वेळ येईल असं कुणाला वाटतं? पोहे खाताना तर मुळीच वाटत नाही.

खापरखेड्याच्या दिशेला मुलींची एक निवासी शाळा होती. तिचं नाव सांगत नाही, ती आता नाही. मंदबुद्धी म्हणायचे तेव्हा सर्रास, त्या शब्दाचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्या शाळेत पूनम होती. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दहा-अकरा वर्षांची, समोरच्या दातांत फट, वेणी कायम अर्धी सुटलेली. मी जीपमधून उतरले की ही सरळ माझ्याकडे यायची. माझ्या तोंडाकडे नाही, हातातल्या पेनाकडे पाहायची. पेनाचं टोपण काढायची, मुठीत घट्ट धरायची, आणि मी निघेपर्यंत मूठ उघडायची नाही. गीत म्हणताना, जेवताना, सगळीकडे ती मूठ तशीच. जीप सुरू झाली की धावत खिडकीशी यायची आणि टोपण परत द्यायची. घामाने ओलं, चिकट. "घे," म्हणायची. तिच्या तोंडून मी तेवढा एकच शब्द ऐकला. चार वर्षं हे चाललं. बटन दाबायची पेनं आली होती, पण मी मार्चमध्ये मुद्दाम टोपणाचं पेन घेऊन जायचे. गजूभाऊ म्हणायचे, "तुमच्या पोट्टीसाठी घेतलं न पेन?" मी म्हणायचे, "हाव."

पाचव्या वर्षी टोपण कुणी मागितलं नाही.

मी अंगणात जरा थांबले. रांगेतल्या मुलींवरून नजर फिरवली. मुख्याध्यापकांना विचारलं, "पूनम कुठं आहे?"

"गावाले गेली जी. तिच्या मावशीचं लग्न आहे."

"आत्ता? मधेच?"

"आता लग्नाची तिथी काय आपल्या हाती असते मॅडम? चला, चहा थंडा होते."

ऑफिसात गरम होत होतं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी म्हटलं, कूलर नाही लावला अजून? म्हणाले, मागच्या स्टोअरमध्ये आहेत, काढू दोन दिवसांत. चहा आला. शेरेबुक आलं. मी गेल्या वर्षीचा शेरा पाहिला आणि उतरवला. मग फेरी मारली. वर्ग झाले, झोपायचं दालन झालं, फिनाइलचा वास, तेलाचा वास. शेवटी मागचा व्हरांडा आला. कोपऱ्यात स्टोअरची खोली, दाराला कुलूप. शेजारी एक बंद खिडकी. तिकडची राख फटीफटीतून आत शिरते, तशी काचेला आतूनही भुरी बसली होती. त्या भुरीत आतल्या बाजूने चार बोटं ओढलेली होती. खाली, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर.

मी पाहत राहिले. मुख्याध्यापक म्हणाले, "पोरी खेळत राहतात जी इकडं." गेटपाशी गजूभाऊंनी हॉर्न वाजवला. अजून एक शाळा मारायची होती.

मी "हं" म्हटलं.

बाहेरून ओढलेली बोटं आणि आतून ओढलेली बोटं यांतला फरक मला कळत होता. मी आंधळी नव्हते. पण शेरा लिहून झाला होता, सही झाली होती, आणि लिहिलेलं खोडायचं म्हणजे केवढा घोळ! मी जीपमध्ये बसले. पेन पर्समध्ये टाकताना पाहिलं, टोपण जागच्या जागी होतं.

*

मिनू माझी नात. आता बारा वर्षांची आहे. पूनमसारखीच, पण तिला बोलता येतं. खूप बोलते, एकच गोष्ट वीसदा. अंगात ताकद आलीये. मी अडुसष्टची, माझे गुडघे गेलेले. माझा मुलगा चंद्रपूरला कारखान्यात आहे, पंधरा दिवसांतून एका रविवारी येतो. प्रणिता नर्स, तिच्या पाळ्या कधी सकाळच्या तर कधी दुपारच्या. म्हणजे दिवसाचे बरेच तास मिनू आणि मी. दिवाळीआधी बर्डीच्या बाजारात कपडे घ्यायला गेलो आणि माझ्या हातातून तिचा हात सुटला. व्हेरायटी चौकातली ती गर्दी, ऑटोचे भोंगे, वरून मेट्रो. सव्वा तास मी रडत, ओरडत फिरले. शेवटी एका पंख्यांच्या दुकानात सापडली. चालू पंख्यासमोर मांडी घालून बसलेली, डोळे मिटून, केस उडताहेत. दुकानदार म्हणाला, "आजी, पोट्टी लय शांत हाये हो, बसू द्या." मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिथंच बसून तिला कुरवाळत राहिले. त्या संध्याकाळी प्रणिता म्हणाली, आता निवासी शाळा पाहावी लागेल. तिचं म्हणणं चूक नव्हतं.

त्या हिवाळ्यात आम्ही काही आईबाप अधिवेशनाच्या मोर्चात जाऊन उभे राहिलो. आमची मागणी एका ओळीची होती. विशेष शाळेची तपासणी सरकारच्या माणसाने प्रत्यक्ष जाऊन, न कळवता केलीच पाहिजे, असं कायद्यात स्पष्ट लिहा, म्हणजे कुठल्या पत्रकाने ते पुसता येणार नाही. आमच्या एका बाजूला अंगणवाडीताई होत्या, दुसऱ्या बाजूला कुठल्यातरी कामगारांचा बँड. आमचा आवाज आमच्याच कानापर्यंत पोहोचत नव्हता. एक आमदार आले, निवेदन घेतलं, म्हणाले मी स्वतः विधेयक मांडतो. फोटो निघाला. विधेयक यादीत आलं हे खरं आहे. पण त्याचा नंबर लागायच्या आधी अधिवेशन संपलं आणि मंडळी मुंबईला गेली. मंडपाचे बांबू निघाले तेव्हा मी तिथून रिक्षाने चालले होते. रस्त्यावर आमच्यातल्या कुणाची तरी पाटी पडलेली होती, उलटी.

आणि मग फेब्रुवारीत ते पत्रक आलं. यंदापासून शाळांनी आपली माहिती आपणच ऑनलाइन भरायची. फोटो टाकायचे. एका अनुभवी स्थानिक व्यक्तीचा अभिप्राय आणि सही जोडायची. झाली तपासणी. माझ्या जुन्या कचेरीतल्या एका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, कायदा हाये जसाच्या तसा. पण जाईन कोण? तुमच्यानंतर ती जागा भरलीच नाही. जीपही गेली भंगारात." मला वाटलं होतं की धोका आला तर कायदा मोडून येईल, आरडाओरडा होईल, पेपरात छापून येईल. तसं काही झालं नाही. कायदा कपाटात सुखरूप आहे आणि रस्त्यावर कुणी नाही. मला त्या दिवसापासून नीट जेवण गेलेलं नाही, हे मी प्रणिताला सांगितलेलं नाही.

*

अकरा दिवस. मी मोजलेत, म्हणून सांगते. त्या खिडकीपाशी "हं" म्हणून निघाले तेव्हापासून परत जाईपर्यंत अकरा दिवस गेले. रोज कारण होतं. मुलाची दहावीची परीक्षा होती. मार्चअखेर होता. होळी होती. कारणं खोटी नव्हती, तीच तर अडचण. पण पर्समध्ये हात घातला की ते पेन हाताला लागायचं आणि मी दुसरं पेन शोधायचे. बाराव्या दिवशी सकाळी मी कचेरीत गेलेच नाही. कुणाला फोन केला नाही, जीप मागितली नाही. एसटीने गेले आणि शेवटचा तुकडा पायी.

अंगणात शाळेच्या स्वयंपाकीण शेवंताबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी न कळवता आलेली पाहून त्यांचा सुपातला हात थांबला. मान वर करून त्यांनी फक्त मागच्या व्हरांड्याकडे पाहिलं, मग पुन्हा सुपाकडे. मी सरळ तिकडे गेले. खिडकीवरची बोटं आता चार नव्हती. सगळी काच भरली होती.

मुख्याध्यापक धावत आले. "मॅडम, फोन तरी कराचा! पोहे लावतो..."

"कुलूप उघडा."

"किल्ली संस्थेच्या सचिवांजवळ आहे जी. ते बाहेरगावी गेले."

मी ते पान काढलं. घाईत घडी उलगडली आणि चिकटपट्टीवरून ते पुन्हा फाटलं. त्याचे दोन तुकडे धरून मी ती धाप लागणारी वाक्यं मोठ्याने वाचली, त्या व्हरांड्यात, एकटीने. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "आता कुलूप तोडा, नाहीतर मी पोलीस आणते," म्हटलं. ते पानाकडे पाहत राहिले. कागद होता साधा, झेरॉक्सची झेरॉक्स. पण त्यांना मला हाताला धरून बाहेर काढता येईना, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. तेवढ्यात शेवंताबाई आल्या. त्यांच्या हातात वरवंटा होता. "सरका जी," म्हणाल्या आणि कुलपावर घातला. तिसऱ्या घावाला कडी निघाली.

आधी वास आला. गेल्या वर्षीच्या ताट्यांचा, कुबट, कोरडा. मग त्याखाली दुसरा वास. खिडकीखालच्या भिंतीशी तीन कूलर उभे होते, आणि दोन कूलरच्या मधे पूनम. तिचा पाय ओढणीने कूलरच्या लोखंडी स्टँडला बांधलेला. ओढणी घोट्यात रुतली होती. किती रुतली होती ते मी लिहीत नाही. ती ओरडली नाही. रडलीही नाही. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. पेन हातात नाही, हे तिला दिसलं. मी पर्समधून काढलं, पुढे केलं. तिने टोपण ओढून घेतलं आणि मूठ मिटली.

शेवंताबाई गाठ कापता कापता बोलत होत्या, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. "पळत होती जी. एक डाव तं टरकखाली येता येता वाचली. मंग तुमची तपासणी आली. सर म्हणे, मॅडमसमोर बोंबलली तर? एक दिवस ठेवा आत. मंग तुम्ही गेल्या. मंग कोणी इचारलंच नाही. भाकर-पाणी मी दाराच्या फटीतून देत होती. अन् सोडाचं राहूनच गेलं."

सोडायचं राहून गेलं! मला तेव्हापासून राक्षसांची भीती वाटत नाही. अशा माणसांची वाटते, ज्यांना एक दिवस आत ठेवायचं असतं आणि ज्यांना कुणी विचारत नाही. आणि मला माझी भीती वाटते. तो एक दिवस माझ्यासाठी होता. माझ्यासमोर सगळं छान दिसावं म्हणून. मी खिडकीपाशी थांबले असते तर तो एकच दिवस राहिला असता.

पूनमचा पाय वाचला, पण ती पुढे लंगडतच चालली. शाळेची मान्यता गेली, मुली वेगवेगळ्या ठिकाणी पाठवल्या, पूनम जिल्ह्याबाहेर गेली. मी दोनदा पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. चौकशीत शाळेच्या वकिलाने शेरेबुक उघडून ठेवलं. माझं अक्षर, माझी सही. वर्ग स्वच्छ, विद्यार्थी आनंदी, एकूण समाधानकारक. "मॅडम, ती मुलगी आत होती तेव्हा तुम्हीच हे लिहिलंय ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यानंतर ते प्रकरण हळूहळू मऊ पडत गेलं. ते पेन अजून माझ्या कपाटात आहे, शाई वाळलेलं. टोपण नाही. दवाखान्याच्या गाडीत चढवेपर्यंत मी वाट पाहिली, पण तिने मूठ उघडली नाही, आणि "घे" म्हणाली नाही.

*

प्रणिताने शोधलेली शाळा नवी आहे. शहराबाहेर, मोकळ्या जागेत. वेबसाइट आहे. तिथल्या मुलीचा फोन मागच्या आठवड्यात मला आला, आवाज अगदी गोड. "मॅम, प्रणितामॅमकडून कळलं तुम्ही स्वतः तपासणी अधिकारी होता! आम्हाला अभिप्रायासाठी तुमच्यासारखंच कुणीतरी हवं होतं. फॉर्म पाठवते, तुम्ही फक्त सही करा. मिनूचं ॲडमिशन मग पक्कंच समजा."

मी म्हटलं, "करीन की. मी कधी येऊ पाहायला?"

"त्याची गरज नाही मॅम आता. फोटो अपलोड केलेत आम्ही. बाहेरचं कुणी आलं की मुलं डिस्टर्ब होतात."

मी फोटो पाहिले. सगळे पाहिले, बोटांनी मोठे करून करून. गाद्या, झोका, भिंतीवर फुलपाखरं, हसणाऱ्या मुली, डोक्याला तेल. मागची बाजू एकाही फोटोत नाही. म्हणजे तिथे काही असेलच असं नाही, हे मलाही कळतं. चांगलीही असेल शाळा. बहुतेक चांगल्याच असतात, मी शेकड्याने पाहिल्यात. पण हे 'बहुतेक' मी कुणाच्या भरवशावर म्हणू? पूनमच्या शाळेतही चाळीस मुली बाहेर गात होत्या.

प्रणिता दुपारी ड्युटीवरून आली. चप्पल काढली आणि तिथंच, दाराशी, जमिनीवर बसली. "आई, सही करून टाका न," म्हणाली. "मले समजते तुमचं. पण मी थकून गेली. काल वॉर्डात उभ्याउभ्या डोळा लागला माझा. उद्या तुम्ही पडल्या तर मिनूले कोण धरन?"

मला तिचा राग आला नाही. मी तिच्यासाठी चहा टाकला. चहा उकळताना माझ्या मनात आलं, काय होतंय एका सहीने? जगात कितीतरी माणसं न पाहता सह्या करतात. मीच केल्यात, बावीस वर्षं. मिनू आत नव्या ताट्यांसमोर बसून कूलरशी गप्पा मारत होती. "गार, आजी, गार, आजी, गार." मी फॉर्म घेतला. खाली रकाना होता, प्रत्यक्ष पाहणीचा अभिप्राय. चहा शेजारी ठेवला होता, गरम. पेन हातात होतं. मला क्षणभर हसूच आलं, बाप्पा, सगळं तसंच्या तसं मांडून ठेवलंय माझ्यासाठी. शेरे तर मला पाठच होते.

मी लिहिलं, "मी ही शाळा पाहिलेली नाही." खाली सही केली, तारीख घातली.

प्रणिताने वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मोबाइलवर फोटो काढून पाठवून दिला आणि मिनूला जेवायला घालायला गेली. त्या रात्री तिने माझं ताट वाढून ओट्यावर झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला सारा वेळ वाटत होतं की मी मिनूची जागा घालवली. आणि दर थोड्या वेळाने वाटत होतं, बरं झालं घालवली. आणि लगेच प्रणिताचे सुजलेले पाय दिसायचे.

आज सकाळी तिने वेबसाइट उघडून फोन माझ्यापुढे धरला. शाळेच्या नावासमोर हिरवी खूण आली होती. तपासणी पूर्ण. सही कुणाची, ते कुठंच लिहिलेलं नाही.

थोड्या वेळाने फोन वाजला. प्रणिता मिनूला पुढ्यात बसवून तिचे केस विंचरत होती, म्हणून तिने स्पीकरवर टाकला. तोच गोड आवाज. "मॅम, तुमच्या आईंचा फॉर्म सिस्टिमने घेतला नाही, पण काही प्रॉब्लेम नाही, दुसऱ्या सरांची सही मिळाली. मिनूची जागा ठेवलीये आम्ही. एक जूनला घेऊन या. बॅग आणि मुलगी गेटपर्यंत आणून सोडा, आत आमची माणसं घेऊन जातील."

प्रणिताचा कंगवा थांबला. "मी येईन न तिच्यासंगं आत. पलंग लावून देईन."

"नाही मॅम, पालकांना आत अलाऊ नाही. गेटपर्यंतच."

कूलरच्या घरघरीत नीट ऐकू येत नव्हतं. मी उठले आणि कूलर बंद केला. मिनू ओरडली. प्रणिताने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ धरला.

"गेटपर्यंतच काहून? का म्हणून?"

पलीकडे कुजबुज ऐकू आली, कुणीतरी फोनवर हात ठेवला. प्रणिताने फोन ठेवला नाही. तिने पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने.

"मी विचारून राहिली, काहून?"